बाईसाहेब आणि पिवळं जाकीट

सासूबाई आमच्याकडे कायमच्या राहायला येणार की नाही, हे एका गायीवर अवलंबून होतं, आणि ती गाय व्हिडिओ गेमच्या कॅसेटमध्ये होती. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मीही आधी हसलो होतो. नंतर ते हसू कुठे गेलं, ते सांगतोच.

मी दिवसा लिफ्ट दुरुस्त करतो. संध्याकाळी आणि सुट्टीला घराच्या मागच्या खोलीत जुने व्हिडिओ गेम दुरुस्त करतो. आठ बाय नऊची खोली, खिडकीखाली टेबल, टेबलावर भिंग, सोल्डरिंगची गन, स्पिरिटची बाटली, आणि लोकांनी माळ्यावरून काढून आणलेली यंत्रं, ज्यांच्या पोटात झुरळांनी संसार थाटलेला असतो. नुसती दुरुस्ती करून माझ्या हाताला चैन पडत नाही, म्हणून मी सुधारणाही करतो. एका यंत्राला मी आमच्या दाराची घंटा जोडली आहे. गेम जिंकला की घंटा वाजते. बायको म्हणते, घंटा वाजली की दार उघडायचं का टाळ्या वाजवायच्या, हेच समजत नाही. तिला कलेची कदर नाही, पण ते असो.

तर सासूबाई आणि सासरे. हे दोघं अकरा वर्षं एकमेकांशी बोललेले नव्हते. एकाच घरात राहून, एकाच दुधाचा चहा पिऊन. कारण काय, तर शिवणयंत्र. सासूबाईंचं एक जुनं शिवणयंत्र कोपऱ्यात असायचं. त्या बाहेर गेल्या असताना सासऱ्यांनी ते भंगारवाल्याला देऊन टाकलं आणि बदल्यात निळी प्लास्टिकची बादली घेतली. सासरे पस्तीस वर्षं टपालखात्यात होते. पडून राहिलेली वस्तू पुढे पाठवून द्यायची, हे त्यांच्या रक्तात. सासूबाई परत आल्या, कोपऱ्यात यंत्राच्या जागी बादली बघितली आणि एवढंच म्हणाल्या, की मला विचारलंत का? सासरे म्हणाले, बादली चांगली आहे. तिथे जे बोलणं संपलं ते संपलं. बादली अजून आहे. खरंच चांगली आहे, अकरा वर्षांत साधा तडा गेलेला नाही, आणि तेच सगळ्यात वाईट.

पण रोज सकाळी दहाच्या ठोक्याला दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसून एकत्र व्हिडिओ गेम खेळत. शेतीचा गेम. बायको लग्नाआधी खेळायची तो. ती सासरी आली आणि गेम माहेरी राहिला. पडद्यावर दोन बुटकी माणसं, एक सासरे, एक सासूबाई. त्यांचं घर, कांद्याचे वाफे, विहीर आणि एक गाय, जिचं नाव बाईसाहेब. इकडे सोफ्यावर स्मशानशांतता आणि तिकडे पडद्यावर दृष्ट लागावी असा संसार. तो पाणी घालतोय, ती खुरपतेय, दोघं मिळून गायीला चारा घालतायत. घरातले निरोपसुद्धा तिथूनच जात. सासऱ्यांना चहा हवा असला की त्यांचा बुटका दाराला तीनदा धडकायचा. साखर संपली की सासूबाई विहिरीपाशी दगड ठेवायच्या. बायको दर रविवारी तिकडे जाई, पण आईबाबा कसे आहात असं कधी विचारत नसे. सरळ टीव्ही लावून बघे.

त्या गेममध्ये रोज सकाळी एक गाडीवाला येतो. दारात गाडी लावतो आणि विचारतो, गाय देता का, पिवळं जाकीट देतो. लाल बटण दाबलं की हो, निळं दाबलं की नाही. बावीस वर्षं या दोघांनी रोज सकाळी निळं दाबलं होतं. निळी बटणं झिजून पार गुळगुळीत झाली होती. लालवर बोट पडायचंच नाही. तेवढ्या एका बाबतीत त्या घरात एकमत होतं.

आता थोडं पोटातलं सांगतो, कारण सगळी गोम तिथे आहे. अशा कॅसेटच्या आत नाण्याएवढा एक सेल असतो. तो जिवंत आहे तोवर तुमचं घर, कांदे, गाय सगळं जागच्या जागी. सेल मेला की सगळं पुसलं जातं आणि गेम पहिल्या दिवसापासून सुरू होतो, मोकळं माळरान आणि हातात एक खुरपं. तर एके सकाळी पडद्यावर घर होतं, कांदे होते, पण गाय नव्हती. यंत्र बंद करून परत लावल्यावर आली, पण सासूबाईंनी जो धसका घ्यायचा तो घेतला. त्यांनी लेकीला फोन करून सांगितलं, की बाईसाहेब आहे म्हणून मी या घरात आहे. तिचं काही बरंवाईट झालं तर मी तुझ्याकडे येते, कायमची.

आमच्याकडे जास्तीची खोली एकच. बायकोने दुसऱ्याच दिवशी टेप घेऊन ती मापली. खाट खिडकीखाली बसते म्हणाली. खिडकीखाली माझं टेबल आहे, मी म्हटलं. माळा रिकामाच आहे की, ती म्हणाली. सासूबाईंबद्दल माझ्या मनात काही वाईट नाही हो. बाई स्वभावाने सोन्यासारखी. पण माझी खोली गेली तर मी कुठे जायचं? दिवसभर लोकांच्या लिफ्टमध्ये वरखाली करायचं आणि घरी येऊन सोफ्यावर पडून छत बघायचं? त्या टेबलाशिवाय माझ्यात काय उरतं, हे मला चांगलं ठाऊक होतं आणि त्याची मला भीती वाटत होती.

रविवारी सकाळी साडेदहाला दोघं आली. सासऱ्यांच्या हातात पिशवीत यंत्र, कॅसेट आणि दोन रिमोट. सासूबाईंच्या हातात कपड्यांची बॅग, कुलूप लावलेली. गाय वाचली नाही तर परत जायचंच नाही, अशा तयारीने आल्या होत्या. आमच्या सोफ्याच्या दोन टोकांना दोघं बसली, मध्ये बॅग. सासऱ्यांनी त्या दिवशी पहाटेच उठून एकट्याने दहा मिनिटं गेम खेळून घेतला होता. बाईसाहेबला चारा घालून आलो, असं त्यांनी मला हळूच सांगितलं. सासूबाईंनी ते ऐकलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

मी आत गेलो आणि दार लोटून घेतलं. बाहेर बायकोच्या मावशीचा फोन आला. कसं आहे, असं विचारत होती बहुतेक, कारण बायको दबक्या आवाजात म्हणाली, आत घेतलंय, अजून काही सांगितलं नाही.

सेल बदलायची सरळ रीत म्हणजे आधी कॅसेटच्या आतलं सगळं दुसरीकडे उतरवून घ्यायचं. त्यासाठी एक छोटं यंत्र मिळतं. मी ते कधी घेतलं नाही. ज्याचा हात कापतो त्याने घ्यावं. माझी रीत अशी, की जुना सेल जागेवर असतानाच नव्या सेलच्या दोन तारा शेजारून जोडायच्या आणि मग जुना सोडवायचा. म्हणजे आतल्या गायीला क्षणभरही उपास घडत नाही. मी कॅसेट उघडली, भिंग लावलं, श्वास रोखला. पहिली तार बसली. दुसरी बसली. जुना सेल अलगद उचलला. कॅसेट बंद केली, यंत्रात घातली, माझ्या छोट्या टीव्हीला जोडली. घर होतं. कांदे होते. बाईसाहेब विहिरीपाशी उभी राहून रवंथ करत होती. मी अक्षरशः हात जोडले.

तिथेच उठून बाहेर जायला काय झालं होतं मला? पण नाही. माणसाला दुर्बुद्धी सुचते ती काम फत्ते झाल्यावरच. म्हटलं, एवढं आलंच आहे तर सासऱ्यांचा रिमोट साफ करून देऊ. त्यातलं लाल बटण बसलेलं होतं. वापरच नाही तर बसणारच. मी रिमोट उघडला, बावीस वर्षांचा मळ स्पिरिटने पुसला, बटणाखालचं रबर धुतलं, परत बंद केला आणि यंत्राला जोडला.

आता आमच्या लिफ्टखात्याचा एक शिरस्ता आहे. बटण साफ केलं किंवा बदललं, की पंचवीस वेळा दाबून बघायचं. चोवीस वेळा चाललेलं बटण पंचविसाव्याला दगा देतं आणि माणूस दोन मजल्यांच्या मध्ये लटकतो, असं आमचे मुकादम सांगायचे. माझा हात त्यातच घडलेला. आणि बटण तपासताना मी दुसरीकडे बघत नाही. मान खाली, डोळे अंगठ्यावर, कान टिचकीवर. एक, दोन, तीन. सुरुवातीला जरा अडकत होतं. दहाच्या पुढे मोकळं झालं. विसाव्याला टिचकी अशी खणखणीत लागली, की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. पंचवीस झाले आणि मी मान वर केली.

पडद्यावर नवी सकाळ झाली होती. सासऱ्यांचा बुटका अंगणात उभा होता आणि त्याच्या अंगात पिवळं जाकीट होतं.

मला कळायला वेळ लागला नाही. मी मान खाली घातली होती तेव्हा गाडीवाला दारात आला असणार. गाय देता का? हो. नक्की ना? हो. परत मिळणार नाही, चालेल? हो. जाकीट आत्ताच घालता? हो. थकलात, झोपायचं का? हो. एरवी रात्र झाली की तिथली माणसं न विचारताच झोपतात, दिवसा तेवढं विचारतात. आणि त्या गेममध्ये माणूस झोपला, की झालं गेलं सगळं कायमचं जपून ठेवलं जातं. विहिरीपाशी नुसता खुंटा होता. ज्या सेलसाठी एवढा जीव काढला, तो नवाकोरा सेल आता गाय नसल्याची आठवण पुढची वीस वर्षं इमानेइतबारे सांभाळणार होता.

मी खुर्चीत बसून राहिलो. यंत्र बंद करून परत लावलं, जाकीट पिवळंच. बाहेरून बायकोने विचारलं, झालं का? माझ्या तोंडातून हो निघालं. त्या दिवशी माझ्याकडून दुसरं काही निघतच नव्हतं. मी ठरवलं, की बाहेर जाऊन सगळं खरं सांगायचं. यंत्र उचललं, बाहेरच्या मोठ्या टीव्हीला जोडलं, दोघांच्या हातात रिमोट दिले आणि तोंड उघडायच्या आधीच पडदा उजळला.

सासूबाई पडद्याकडे बघत होत्या. त्यांनी आधी खुंटा बघितला, मग जाकीट, मग आपल्या बुटकीला घराभोवती एक पूर्ण फेरी मारायला लावली. गाय कुठेच नाही म्हटल्यावर त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला आणि सोफ्याच्या त्या टोकाकडे मान वळवली. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"परत?" त्या म्हणाल्या. "परत मला न विचारता?"

बायकोच्या हातातला कप बशीवर वाजला. पहाटे एकट्याने कोण खेळलं होतं? सासरे. जाकीट कुणाच्या अंगात? सासऱ्यांच्या. त्या माणसावर बालंट आलं होतं आणि ते मी आणलं होतं. सासऱ्यांनी हातातल्या रिमोटकडे बघितलं. लाल बटणावर अंगठा ठेवून एकदा दाबलं. बटण लोण्यासारखं खाली गेलं आणि टिचकी वाजली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. ज्या माणसाने पस्तीस वर्षं टपालावर शिक्के मारले, त्याला एकाच जागी सारखा हात मारत बसलं की काय होतं हे कुणी समजावून सांगायला नको. त्यांना सगळं कळलं. मी घसा साफ केला, तर त्यांनी मांडीवरचा हात जरासा उचलला, थांब म्हणाल्यासारखा.

"हो," ते सासूबाईंना म्हणाले. "चुकलं माझं. तुला विचारायला हवं होतं."

सासूबाईंनी मांडीवरचा रिमोट बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "एवढं म्हणायला अकरा वर्षं लागली?"

गाय जाऊन अर्धा तासही झाला नव्हता. पण त्या खोलीत कुणीच हिशेब चुकतोय असं म्हटलं नाही. सासरे म्हणाले, की रोज वाटायचं म्हणावं. मग म्हातारा खाली मान घालून चष्मा पुसायला लागला आणि पुसतच राहिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते निम्मं त्यांच्यासाठी आणि निम्मं लाजेचं. सासूबाई उठल्या, बॅग उचलली. बायको मागच्या खोलीकडे बघायला लागली, मीही बघायला लागलो, टेबलाचा निरोप घ्यावा म्हणून. सासूबाईंनी बॅग सासऱ्यांपुढे धरली.

"धरा ही. जड आहे," त्या म्हणाल्या. "घरी जाऊ."

त्या बायकोबरोबर जिना उतरायला लागल्या तेव्हा सासरे दारात माझ्यापाशी थांबले. त्यांनी अगदी सहज, हवापाण्याबद्दल विचारावं तसं विचारलं, की जावईबापू, बटण किती वेळा दाबता? मी म्हटलं, पंचवीस. त्यांनी मान हलवली. टपालात आम्ही एकदाच मारायचो, म्हणाले, आणि बॅग घेऊन खाली गेले.

माझी खोली वाचली. तरी मला चैन पडेना. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. तिकडे दोघं आता इतकी बोलत होती, की बायकोला फोनवर दोघांचंही ऐकू येईना. भांडतसुद्धा होती, कांद्यावरून, पंख्यावरून, कशावरूनही. सकाळचा गेम चालूच होता. गाडीवाला रोज येतो, बाईसाहेब त्याच्या गाडीला मागे बांधलेली असते. सासूबाईंची बुटकी गाडी निघेपर्यंत तिच्यापाशी उभी राहते. पिवळं जाकीट घातलेला बुटका थोडा मागे उभा राहतो. हे बायकोने सांगितलं तेव्हा मला जेवण गेलं नाही.

पंधरा दिवसांनी सासरे एकटे आले. दोन जिने चढून एक जुनं, विजेवर चालणारं शिवणयंत्र छातीशी धरून आणलं होतं. कुठल्याशा भंगाराच्या दुकानात मिळालं होतं. आणायच्या आधी तिला विचारलं होतं, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. मोटर जाम होती, वायर कुरतडलेली. मी चार संध्याकाळ खपलो. मोटर उघडली, झिजलेले कार्बन बदलले, वायर नवी घातली, तेल दिलं. कसलीही सुधारणा केली नाही, घंटा नाही की दिवा नाही, आयुष्यात पहिल्यांदाच. चालू करायचं बटण एकदाच दाबलं. लागलं. परत दाबायला अंगठा शिवशिवत होता, तो मी दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

महिन्याभराने सासूबाई आल्या, सरळ मागच्या खोलीत. टेबलावरचे स्क्रू बाजूला करून त्यांनी एक पुडकं ठेवलं. नव्या यंत्रावर शिवलेली पहिली वस्तू आहे, बघा बसते का, म्हणाल्या. मी कागद सोडला. आत जाकीट होतं. बिनबाह्यांचं, हळदीसारखं पिवळं, पडद्यावरच्यासारखं हुबेहूब. आणि माझ्या मापाचं.

बाबांनी सांगितलं का, असं मी विचारलं.

"ते कशाला सांगतील?" त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं त्यांचा अंगठा बघतेय मी. त्यांना लाल बटण सापडतसुद्धा नाही."

म्हणजे त्यांना माहीत होतं. पहिल्यापासून, सोफ्यावर मान वळवली तेव्हापासून. मी म्हटलं, मग त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत? त्यांनी माझ्याकडे, लिफ्टमध्ये अडकलेला माणूस माझ्याकडे बघतो तसं बघितलं.

"ते चुकलं म्हणत होते," त्या म्हणाल्या. "मध्ये कशाला बोलू?"

मग त्यांनी मला उभं केलं, जाकीट अंगात घातलं आणि पुढच्या नाड्या स्वतः बांधल्या. बटणं मुद्दाम लावली नाहीत, म्हणाल्या, तुमचा भरवसा नाही. मागे वळायला सांगितलं, मी वळलो. खांद्यात ठीक बसलं होतं. दर रविवारी काम करताना हे घालायचं, असं त्यांनी मला बजावलं, आणि मी हो म्हटलं.